बिअरच्या जत्रेतला केकचा तंबू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या वहिनींचे. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावात दादाची पिठाची गिरणी होती आणि घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वहिनी बारावी सायन्स होत्या. त्यांनी आल्या आल्या माझी गणिताची वही मागितली, चाळली आणि विचारलं, "भावजी, ही गणितं तुम्ही सोडवलीत की पळवून लावलीत?"

हाफ पँटमधल्या मुलाला त्या 'भावजी' म्हणत आणि रागवायचं तेही अहो-जाहो करूनच. त्या भाकऱ्या थापत असताना मी समोर बसून मोठ्याने गणित वाचायचं, अशी रीत पडली. उत्तर चुकलं तर भाकरी उशिरा मिळायची.

सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, गिरणीवर माणूस लागतो. वहिनी सासऱ्यांशी थेट बोलत नसत. त्या दादाकडे बघून म्हणाल्या, "अहो, अण्णांना सांगा, गिरणीवर मी बसेन." अण्णा हाताच्या अंतरावर बसले होते. ते दादाला म्हणाले, "तिला सांग, गिरणी म्हणजे खेळ नाही." दादा बिचारा या दोघांच्या मधे मान हलवत बसला होता, त्याला कुणालाच काही सांगावं लागलं नाही. पुढची चार वर्षं वहिनी दुपारी गिरणीवर बसल्या आणि मी इंजिनिअर झालो.

आता मी मेलबर्नला आहे. डँडेनॉन्गच्या एका पॅकिंगच्या फॅक्टरीत मशिनांच्या देखभालीचं बघतो. ज्या रविवारची ही गोष्ट आहे, त्या सुमारास घरी एकच विषय चालू होता. वहिनींच्या मुलीला, माझ्या पुतणीला, इथल्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सगळं जमलं होतं, फक्त अण्णांनी हो म्हटलेलं नव्हतं. आणि त्यांच्या होकाराशिवाय वहिनी तिला पाठवणार नव्हत्या. अण्णांचा आक्षेप एकच होता, तिकडे सगळे पितात. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला. तेव्हापासून घरात दारूचं नाव निघालं की अण्णा उठून अंगणात जातात.

त्यावर वहिनींकडे उत्तर म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे मी. "अहो, अण्णांना सांगा, भावजी इतकी वर्षं तिकडे आहेत. ते पितात का?" मी पीत नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला ती चव आवडत नाही. पण घरच्या खटल्यात मी पुरावा होतो, आणि पुराव्याने जपून राहायला हवं, हे मला त्या रविवारी सुचलं नाही.

आमच्या सुपरवायझरने टीमला बिअर फेस्टिवलला न्यायचं ठरवलं. मेलबर्नपासून दीडेक तासावरच्या एका लहान गावात दरवर्षी उन्हाळा संपताना तो भरतो. मला खास आमंत्रण होतं, कारण मी न पिणारा, म्हणजे परतताना गाडी चालवणारा. इथे त्याला 'डेझो' म्हणतात. टीममधला माझा एक पुणेकर मित्र मुलांच्या शाळेपायी ग्लेन वेव्हर्लीला राहतो. बिअरबद्दल तो बोलतो ते इतर पुणेकर मिसळीबद्दल बोलतात तसं, एक ठिकाण खरं आणि बाकी सगळीकडे नुसतं पाणी.

"तू चल रे," तो म्हणाला. "तुझ्यासारखा डेझो शोधून सापडणार नाही. तुला मोहच होत नाही. आम्हाला बघून तुला दया तरी येते का?"

"मला पेट्रोलची काळजी वाटते," मी म्हटलं.

फेस्टिवल गावाच्या फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मैदानावर होता. गेटवर पिणाऱ्यांच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला, माझ्या मनगटाला केशरी. आणि सगळ्यांना एकसारखा जाड काचेचा मग दिला, त्यावर फेसाळलेल्या बिअरचं चित्र. आत कागदी कप नव्हते, जे काही प्यायचं ते याच मगातून, अशी व्यवस्था. मला ती फार आवडली. वस्तू वाया न घालवण्याच्या बाबतीत मी अण्णांचाच मुलगा आहे.

आत गेल्यावर मात्र केशरी पट्ट्याचा माणूस म्हणजे लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेला पाहुणा. चहूकडे स्टॉल, गाणी, सॉसेजचा धूर, ऊन. पुणेकर प्रत्येक स्टॉलवर थांबून एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मला त्याचा अर्थ सांगायचा. "यात बघ, संत्र्याची साल आहे. शेवटी शेवटी लाकडाचा वास येतो." सुपरवायझर त्याच्याकडे बघून म्हणाला, "मेट, ती बिअर आहे. गिळ." अशा दोन-तीन स्टॉलनंतर मी सावली शोधायला निघालो.

मैदानाच्या अगदी टोकाला, स्कोअरबोर्डमागे, निलगिरीच्या झाडांखाली एक पांढरा तंबू होता. हाताने रंगवलेली पाटी, 'कॉफी आणि केक'. तिथवर गाणी पोचत होती, पण शेजारच्या घरातून आल्यासारखी. आत चौकटीच्या कापडांची टेबलं, एका टेबलाशी झोपलेलं बाळ घेऊन बसलेली आई, दुसऱ्याशी केशरी पट्ट्याचा एक गृहस्थ शब्दकोडं सोडवत होता. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली.

टेबलामागे तीन म्हाताऱ्या होत्या, गावातल्याच. गावाच्या हॉलचं छप्पर दुरुस्त करायला त्या दरवर्षी हा तंबू लावत. केक सगळे घरी केलेले. गाजराचा, पॅशनफ्रूटचा स्पंज, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन. त्यांतली पांढऱ्या बॉबकटची जी होती तिला मी मनातल्या मनात मावशी म्हणू लागलो, कारण ती तशीच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"केक देऊ का, डार्ल? गाजराचा सकाळीच केलाय."

"नको, नको," मी म्हटलं. "फक्त कॉफी."

"नो वरीज," म्हणून मावशीने केकवर जाळी ठेवली.

मी जाळीकडे बघत राहिलो. आमच्या घरी पहिलं 'नको' धरतच नाहीत. दुसऱ्या 'नको'ला यजमान ताट पुढे सरकवतो, तिसऱ्याला पाहुणा "बरं, अगदी थोडं" म्हणतो, आणि मग दोघंही जेवल्यासारखे जेवतात. इतकी वर्षं या देशात राहून मला हे माहीत आहे की इथे पहिलंच 'नको' शेवटचं असतं. ऑफिसात मला ते जमतंही. पण केस पांढरे असलेली बाई समोर आली की माझं तोंड आपोआप घरचं बोलतं.

शब्दकोडंवाल्या गृहस्थाला काय वाटलं कोण जाणे, तो मान वर न करता म्हणाला, "गाजराचा घे. नंतर पस्तावशील."

"मग एक तुकडा द्या," मी म्हटलं. "अगदी थोडा."

मावशीने अगदी थोडा कापला. तेही माझंच चुकलं. तो संपल्यावर मी सरळ सांगितलं, आता मोठा द्या. तेव्हा तिघीही हसल्या आणि मला त्या तंबूत घरच्यासारखं वाटू लागलं.

ऊन फार होतं म्हणून मी गरम कॉफी न घेता आइस्ड कॉफी मागितली. इथे ती म्हणजे कोल्ड कॉफीत आइस्क्रीमचा गोळा आणि वरून घुसळलेल्या क्रीमचा थर. मावशीने तो सगळा सरंजाम माझ्या त्या जाड मगात रचला. मी एकामागून एक मागवत गेलो. मला कधी कुणी इतक्या शांततेत इतकं गोड दिलं नव्हतं.

मला शोधत पुणेकर आला. "हा बघा, हा इथे म्हाताऱ्यांच्यात," तो म्हणाला. त्याने माझा फोन घेतला आणि फोटो काढला. हातात उंचावलेला मग, मिशीला पांढरा फेस, डोक्यामागे लांबवर 'बिअर फेस्टिवल' लिहिलेली मोठी कमान. माझ्या पुढ्यातला केक संपलेला होता.

आमच्या घरच्या ग्रुपवर दर रविवारी मी काय खाल्लं याचा फोटो टाकायचा, असा वहिनींचा नियम आहे. मी नीट जेवतो की नाही हे त्यांना बघायचं असतं. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मजेत आहे. काळजी नसावी."

तिकडे गावी रविवारची सकाळ होती. सगळे घरात, सगळ्यांच्या हातात फोन. पहिला निरोप चुलतभावाचा आला, दोन मग एकमेकांवर आपटणारं चित्र आणि "शेवटी आमच्यात आलास". मग आत्याचे जोडलेले हात. मग धाकट्या मामांचं, "चांगलं घर होतं." वहिनींनीही फोटो पाहिल्याचं दिसलं. मी तोवर हसत होतो. मग मी फोटो मोठा करून पाहिला आणि हसू गेलं. काळपट पेय, वर पांढरा फेस, मगावर बिअर, कमानीवर बिअर. त्या फोटोत कॉफी कुठेच नव्हती.

व्हिडिओ कॉल आला. समोर वहिनी.

"भावजी, काय आहे हातात?"

"कॉफी आहे, वहिनी."

"आमच्याकडे कॉफी कपातून पितात."

"इथे कप नाहीत. कॉफीलाही हाच मग."

"आणि मिशीला?"

"क्रीम."

मागून अण्णांचा आवाज आला. "त्याला विचार, ती पाटी कशाची आहे." वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "अहो, अण्णांना सांगा, मी विचारतेच आहे." दादाने काहीच सांगितलं नसावं, कारण फोन एकदम अण्णांच्या हातात गेला. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि चष्म्याची वरची कड दिसू लागली.

"तोंड दाखव," अण्णा म्हणाले.

मी दाखवलं.

"डोळे लाल आहेत."

"ऊन आहे, अण्णा."

मला वाटलं, साक्षीदार आणावा. मी फोन मावशीकडे वळवला आणि तिला घाईघाईत सांगितलं, हे माझे वडील, त्यांना वाटतंय मी पितोय, प्लीज सांग त्यांना. मावशीला इतकंच कळलं की दूरदेशीचा एक म्हातारा तिच्या गिऱ्हाइकाची चौकशी करतोय. तिने फोनकडे बघून हात हलवला आणि अभिमानाने म्हणाली, "लव्हली बॉय. आजचा आमचा बेस्ट कस्टमर. हा त्याचा तिसरा." आणि अण्णांना समजावं म्हणून तिने तीन बोटं दाखवली.

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण बोटं येतात. त्यांनी फोन वहिनींच्या हातात दिला. पडद्याच्या कडेला मला त्यांची पाठ दिसली, अंगणाकडे जाणारी. मागे दारात पुतणी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.  माझी मिशी पुसता येत होती, पण तिचं शिक्षण अण्णांच्या एका शब्दावर थांबलेलं होतं.

पुणेकर म्हणाला, "अरे, सोपं आहे. सगळ्यांचा मिळून फोटो काढू. म्हाताऱ्या, केक, कॉफीचं भांडं. बघितल्यावर कुणालाही कळेल." मावशीला आता सगळी हकिगत सांगितली. ती हसली नाही. तिने ॲप्रन सारखा केला आणि दोघी मैत्रिणींना बोलावलं. शाळेच्या फोटोसारख्या तिघी ओळीत उभ्या राहिल्या. मधे मी, पुढ्यात उरलेला स्पंज. पण पुणेकराने "स्माइल" म्हणताच त्यांना काय वाटलं कोण जाणे, तिघींनी आपापले मग उचलले आणि एकदम "चिअर्स" म्हटलं. मी तो तसाच पाठवला. घाईत माणूस बघत नाही.

थोड्या वेळाने वहिनींचा एक ओळीचा निरोप आला. "अण्णा विचारतात, या आज्या पण पितात का?"

मी परत खुर्चीत बसलो. मावशी समोर येऊन बसली. "तुझ्या पुतणीसाठी हे इतकं आहे का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"मी शुक्रवारी संध्याकाळी एक बिअर घेते," ती म्हणाली. "हे तुझ्या वडिलांना सांगू नकोस. पण या दिवशी मी इथे बसते. कुणाला बाळ झोपवायचं असतं, कुणाला गाडी चालवायची असते, कुणाला नुसतं नको असतं. त्यांनी कुठे बसायचं?"

एवढं बोलून ती उठली, कारण बाळाच्या आईला दूध गरम करून हवं होतं.

परतताना गाडीत सगळे गात होते. सुपरवायझरला एका गाण्याची पहिलीच ओळ येत होती, आणि पुणेकर त्याला चाल सुधारून देत होता. मी प्रत्येकाला दारात सोडलं, आत दिवा लागेपर्यंत थांबलो आणि मग निघालो. घरी बायको लॅबमधली शिफ्ट संपवून आली होती. तिने दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाली, "तुला फोटो पाठवायला कुणी सांगितलं होतं? केक खाल्लास ना, मग गप्प बसायचंस."

"आता काय करू?"

"लिही. अण्णा फोनवरच्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात, त्यात काहीही करता येतं. कागदावर लिहिलेलं ते पूर्ण ऐकतात."

हे खरं होतं. गावाकडे पत्र आलं की ते कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि अण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचं, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. आधी मी बचावाचं पत्र लिहायला बसलो. मी कसा प्यालो नाही, कधीच पीत नाही. अर्धं पान झालं आणि मला ते पटेना. अण्णांना माझी काळजी नव्हतीच. त्यांना नातीची काळजी होती, आणि तिच्याबद्दल मी एक ओळही लिहिलेली नव्हती. तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. तो असा होता.

वहिनी,

हे पत्र तुम्ही अण्णांसमोर मोठ्याने वाचाल असं धरून चाललोय. दादाला मधे बसवायची गरज नाही.

मगात कॉफी होती. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. पुन्हा पुन्हा सांगितलं की खोटं वाटायला लागतं. त्या तिघी आज्या गावाच्या हॉलचं छप्पर शाकारायला केक विकतात. त्यांच्याही मगात कॉफीच होती. बाकीच्या दिवशी कोण काय पितं ते मी विचारत नाही.

अण्णा, माझ्याबरोबर आलेले बाकी सगळे त्या दिवशी प्याले. तुम्ही म्हणता ते खरं आहे, इथे पुष्कळ लोक पितात. त्यांतले बरेचसे दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी कामावर असतात. थोडे काकांसारखेही असतात. मी तेही पाहिलं आहे, ते लपवत नाही.

ती इथे आली तर हे सगळं तिला दिसणार. मैत्रिणींच्या खोलीवर, कामावरच्या पार्टीत, रस्त्यात. मी तिचे डोळे झाकून तिला फिरवू शकणार नाही. ती कधीच ग्लासाला हात लावणार नाही, असं वचनही मी तिच्या वतीने देणार नाही. ते तिचं तिने ठरवायचं. माझ्या हातात आहे तेवढंच लिहितो. ती कुठेही असो, कितीही उशीर होवो, तिला घरी यायचं वाटलं तर तिने मला फोन करावा. मी गाडी घेऊन जाईन आणि वाटेत काही विचारणार नाही. सकाळी तिची काकू विचारेल, ते मला थांबवता येणार नाही.

वहिनी, मी कॉलेजला निघालो तेव्हा माझं काय होईल याची तुम्हाला काहीच खात्री नव्हती. मला हॉस्टेलवर बिघडायला वाव होता, नापास व्हायला तर फारच होता. तुम्ही माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाहीत. एस.टी.त बसवलंत आणि गिरणीवर गेलात. मी बिघडलो नाही, त्याचं एक कारण असं की मला कुणी सारखं बजावलं नव्हतं. लेकीच्या बाबतीत तुम्हाला ते जड जाणार, हे मला कळतं. अण्णांनाही जाणार.

अण्णा, तुमचा निर्णय तुम्ही स्वतः फोनवर सांगा, म्हणजे मला नीट ऐकू येईल. मग फोन तिला द्या, मला तिच्याशीही बोलायचं आहे. त्या दिवशी ती न बोलता आत गेली, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मागची खोली आवरायला घेतली आहे. तिथे इस्त्रीचं टेबल, जुनी सायकल आणि तुमच्या सुनेचे न वाचलेले कागद आहेत. तुम्ही हो म्हणालात तर ती खोली तिची. नाही म्हणालात तरी सायकल बाहेर निघेल.